केसांतला कापूस

आमच्या खोलीत कॉम्प्युटर आला त्या दिवशी आईचं शिलाई मशीन गॅलरीत गेलं. त्याचं कोणाला विशेष काही वाटलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत एक वस्तू आत आली की दुसरी बाहेर जाणार हे ठरलेलंच होतं. पाहुणे आले की ट्रंक गॅलरीत, कोणाचं बाळंतपण आलं की टेबल गॅलरीत, गणपतीत तर बाबाच गॅलरीत. आईने मशीनवर प्लास्टिक घातलं, त्यावर जुनी चादर टाकली, आणि पुढे कित्येक महिने येता-जाता ती त्यावर हात ठेवायची, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. तिच्या माहेरी, मालवणकडे, गोठा होता. आमच्याकडे ते मशीन होतं.

कॉम्प्युटर आणला तो दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सुहासने. फोर्टातली कुठलीशी कचेरी बंद झाली आणि तिचं सामान विकायला काढलं, त्यातला हा. त्याच्या पाठीवर त्या कचेरीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती आणि ती काढायला दादाने कोणालाच परवानगी दिली नाही. पुढेमागे मूळ मालक हुडकत आले तर, अशी त्याला उगाच भीती होती. दादरच्या एका क्लासात तो डिझायनिंग शिकला होता. मी कॉलेजात होते. बाबांची गिरणी केव्हाच बंद पडली होती आणि ते परळच्या एका उंच इमारतीच्या गेटावर निळा शर्ट घालून बसत. ती इमारत दुसऱ्या एका गिरणीच्या जागेवर उभी होती. यावर ते कधी काही बोलले नाहीत. मी तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीतली मोठमोठी पुस्तकं वाचायला लागले होते आणि अशा गोष्टींवर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण बाबांकडे बघून मीही गप्प बसायची.

दादा त्या यंत्रावर फोटोंचं काम करायचा. वाढदिवसाचे बॅनर, लग्नाच्या पत्रिका, मंडळांच्या पावत्या आणि मयतांचे फोटो. फोटोच्या सॉफ्टवेअरची भूक केवढी असते हे त्याशिवाय मला कधी कळलं नसतं. फाइल डिस्कवर असते तेव्हा ती वळकटीसारखी असते, गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. उघडली की गादी पसरल्यासारखी सगळी खोली व्यापते. त्यावर दुसरा फोटो ठेवला, म्हणजे लेयर घातला, की गादीवर गादी. शिवाय तुम्ही जे जे कराल, त्याच्या आधी काय होतं तेही ते सॉफ्टवेअर जपून ठेवतं, कारण माणूस चुकतो आणि त्याला मागे जायचं असतं. हे मागे जाणं म्हणजे अन्डू. एवढं सगळं आमच्या यंत्राच्या मेमरीत मावणं शक्यच नव्हतं. आज हातातल्या फोनने काढलेला एक फोटो तिच्यात बसला नसता. मग जे मावणार नाही ते सॉफ्टवेअर डिस्कवर नेऊन ठेवी, लागलं की परत आत आणी, आणि ही ने-आण चालू असताना डब्यातून बारीक करकर ऐकू येत राही. पडद्यावर काही हलत नसे. आई ओट्याकडून म्हणायची, "रवंथ करता हा. रव जरा."

दादाने एकदा तिला हे सगळं समजावून सांगितलं होतं. तिने कुळथाची पिठी ढवळत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे खोली ल्हान नि पसारो मोठो. मग जास्तीचो गॅलरीत. आणि गॅलरी भरली की?"

"भरली की काम बंद."

"होय तर," आई म्हणाली. "तसाच असता."

एवढं स्वच्छ विवेचन मला पुढे कोणत्याही पुस्तकात मिळालं नाही. गॅलरी भरू नये म्हणून दादाने बारीकसारीक युक्त्या काढल्या होत्या. एका वेळी एकच फाइल उघडायची. गाणी लावायची नाहीत. मूळ फोटो वेगळा न ठेवता काम झालं की त्याच्यावरच सेव्ह करायचं. आणि अन्डूच्या पायऱ्या सगळ्यात कमी ठेवायच्या. नवी पायरी आत आली की सगळ्यात जुनी बाहेर जायची, आणि हे बाहेर म्हणजे गॅलरीसुद्धा नव्हे, थेट रस्ता. एकदा गेलेली पायरी परत मिळत नसे.

आमच्या शेजारच्या खोलीत वामनकाका आणि काकी राहत. काका बाबांचे गाववाले, बाबांच्याच गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस विंचरला जातो आणि त्याची तूस सगळीकडे उडत असते. पाळीवरून सुटलेला कार्डिंगवाला रस्त्यात लांबूनसुद्धा ओळखू येई. माझ्या लहानपणी दुपारची पाळी अशी संपायची: जिन्यावर चपला वाजायच्या, मग गॅलरीत काकांचा खोकला, मग काकीच्या दाराशी टॉवेलचे फट् फट् फटके. काका दारातच डोकं पुढे करून वाकून उभे राहायचे आणि काकी त्यांच्या केसांतला, कानांमागचा, मानेवरचा कापूस झाडून काढायची. पांढरं काहीतरी हवेत तरंगत आमच्या दारापर्यंत यायचं. मग काकी म्हणायची, "चला, जेवूक." हे दोन शब्द ऐकले की आईसुद्धा आमची ताटं घ्यायची. घड्याळ आमच्याकडे होतं, पण ते बाबांना बक्षीस मिळालेलं असल्याने बहुधा बंद असे.

गिरणी बंद पडली तेव्हा टॉवेलचा आवाज बंद झाला. खोकला राहिला. पुढे तो वाढला, काकांना जिना चढवेना, मग गॅलरीत चालवेना, आणि शेवटी शेवटी ते खाटेवर बसूनच श्वास मोजल्यासारखा घेत. डॉक्टर छातीत तूस बसल्याचं सांगत. मग ते गेले. ज्या दिवशी परळच्या इस्पितळातून त्यांना आणलं त्या दिवशी काकीकडे चूल पेटली नाही आणि आईने तिला पेज नेऊन दिली, उकड्या तांदळाची, मिठाशिवाय काही नसलेली. काकीने ती दोन घास खाल्ली आणि वाटी धुऊन परत केली. दुःखातही ती कोणाची वाटी उष्टी परत करणारी नव्हती.

तेराव्याला फोटो लागणार होता. भिंतीवर लावायचा, हार घालायचा. आणि काकांचा फोटोच नव्हता. लग्नातला होता तो गावच्या घरी वाळवीने खाल्लेला. ओळखपत्रावरचा होता, पण त्यात गोल शिक्का नेमका तोंडावर बसलेला. भेटायला आलेल्या हिराजींनी हे ऐकलं. ते शीव कोळीवाड्याचे, काकांच्याच खात्यातले. दुसऱ्या दिवशी ते एक फोटो घेऊन आले आणि आधी काकीला दाखवला. काळा-पांढरा, गिरणीच्या गेटासमोर पाच-सहा तरुण एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे, मधोमध वामनकाका हसत होते. मी काकांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दादाने फोटो स्कॅनरवर ठेवला. स्कॅनरचं झाकण मोडलेलं होतं, त्यामुळे वर पोळपाट ठेवायला लागायचा. स्कॅन झालं, हिराजी आपला फोटो पिशवीत घालून घरी गेले, आणि दादा कामाला लागला.

त्याच आठवड्यात साहेबांचा वाढदिवस होता. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे पुढारी. त्यांचा बॅनर आमच्या यंत्रावर जवळजवळ महिनाभर मुक्कामाला होता. वर साहेब, हात जोडलेले, मागे सूर्यकिरणं, खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांचं एकेक तोंड वेगळ्या लेयरवर ठेवावं लागे, कारण त्यांची जागा रोज बदलायची. साहेबांचा माणूस दीपक रोज येऊन सांगायचा, "ह्याला जरा वर घे रे. त्याचा चेहरा लहान कर, लय मोठा झालाय तो. ह्याला साहेबांच्या खांद्याजवळ. एवढा पण जवळ नको." कोण चढला, कोण उतरला हे पेपरात यायच्या आधी आमच्या ओट्याजवळ कळायचं. मला राज्यशास्त्र विषय होता, पण त्यातलं मी जे काही शिकले ते त्या महिन्यात. इतकी माणसं मोकळी सुटी ठेवायची म्हणजे जागा भयंकर लागे. साहेबांनी आमची अर्धी डिस्क व्यापली होती आणि वाढदिवस जसजसा जवळ येई तसतसे शुभेच्छुक वाढत होते.

उरलेल्या जागेत दादा काकांचं काम करत होता. त्याने त्यांना मित्रांच्या हातांतून सोडवलं, एकटं केलं, मागे निळं आभाळ दिलं. मग कोट घातला. त्या काळी आमच्याकडे मेलेल्या माणसाला कोट घालायची पद्धत पडली होती. दादाजवळ एकच कोट होता, काळा, मरून रंगाचा टाय लावलेला, मानेच्या वर कोणी नसलेला. एका मित्राच्या सीडीतून आलेला. आमच्या आणि आजूबाजूच्या चाळींतले निम्मे मयत आज त्या एका कोटात भिंतींवर आहेत. हयातीत ज्यांनी लग्नातसुद्धा दुसऱ्याचा सदरा घातला तेही. यात कोणाची फसवणूक नव्हती. घरच्यांनाच तो हवा असे, आणि कोट न घालता फोटो दिला तर "आमच्या माणसाला काय कमी होतं काय?" असं विचारलं जाई. मग दादाने स्टॅम्प, म्हणजे शेजारचा रंग उचलून डागावर बसवणारं हत्यार, घेऊन फोटोवरचे पांढरे ठिपके साफ केले. जुन्या फोटोवर ठिपके असतातच. एकेक ठिपका, एकेक पायरी, मध्ये रवंथ. काम नीट झालं. त्याने सगळे लेयर एकात दाबले, शेवटी आभाळ जरा गडद केलं, टायची कड पुसट केली आणि नेहमीप्रमाणे मूळ स्कॅनवरच सेव्ह केलं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, त्याने काकीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली; नवऱ्याच्या मागे ती अजून कोणाच्या घरात बसत नव्हती. बाबा रात्रपाळी करून आले होते आणि चहा पीत होते. दादाने पडदा तिच्याकडे वळवला.

काकी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कोट कोणाचो?"

"सगळ्यांना घालतो, काकी. चांगला दिसतो."

"दिसता," ती म्हणाली. आणखी बघितलं. "आणि केसातलो कापूस खंय गेलो?"

दादाला कळलं नाही. "कुठला कापूस?"

"ह्यांच्या केसात होतो तो. हंय, कानाच्या मागे. हंय."

"काकी, कचरा होता तो. फोटोवरचे डाग. जुन्या फोटोला पडतात."

"डाग नाय रे, बाबू. कापूस. ते पाळीवरसून सुटलेले, ह्या दिसता मा?"

मी पडद्याकडे पाहिलं. कोटातले काका हसत होते, केस काळेभोर, तेल लावून बसवल्यासारखे. फोटो छान होता. अनोळखी माणसाचा म्हणून फार छान होता.

दादाने अन्डू केलं. टायची कड परत आली. पुन्हा केलं. निळं आभाळ जरा फिकट झालं. पुन्हा केलं, आणि पायऱ्या संपल्या. त्याने ते दोन-तीनदा दाबून पाहिलं, लिफ्ट येत नसताना माणूस बटण दाबत राहतो तसं. कापूस ज्या पायऱ्यांवर गेला होता त्या केव्हाच बाहेर टाकल्या गेल्या होत्या, आणि मूळ स्कॅनच्या जागी आता हा कोटवाला बसला होता. दादाने तिला हे समजावलं. ती ऐकत होती, पण डोळे पडद्यावर.

बाबांनी कप खाली ठेवला. "वैनी," ते म्हणाले, "त्याच कापसान मारल्यान तेका. तो आता भिंतीर कशाक होयो?"

डब्यात करकर चालू झाली आणि थांबली. मला वाटलं काकी रडेल. तिने पदर नीट केला.

"छातीतलो कापूस गिरणीचो होतो, भावजी," ती म्हणाली. "केसातलो माझो."

बाबा उठून गॅलरीत गेले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि डब्यातून बसच्या भाड्याचे सुटे काढून माझ्या हातावर ठेवले. मी चपला घातल्या.

शीव कोळीवाड्यात हिराजी अंगणात आरशासमोर दाढी करत होते आणि त्यांच्या बायकोने जवळा वाळत घातला होता. मी काय झालं ते सांगितलं. ते साबण लावलेल्या अर्ध्या तोंडाने हसले आणि मग हसायचे थांबले. "अगं, त्या दिवशी तो बोलत होता, थांबा रे, केस झाडू दे, मग काढा फोटो. आम्ही बोललो, तू कशाला झाडतोस, तुझी बायको बसलीय ना तिकडे टॉवेल घेऊन." त्यांनी तोंड पुसलं, कॅलेंडरच्या मागून फोटो काढला आणि प्लास्टिकच्या पिशवीत, मग आणखी एका पिशवीत घालून दिला. "ठेव म्हणावं वामनच्या बायकोला. आमच्यात तीच एक होती रोज झाडणारी. माझी तर मला अंगणातच ठेवायची." बायको मान वर न करता म्हणाली, "मग काय घरात घेऊ, म्हातारा कापसाचा?" परतताना बसमध्ये मी ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती, पिशवीला सुक्या जवळ्याचा वास लागला होता.

पोळपाट ठेवून फोटो पुन्हा स्कॅन केला. काका आले, मित्र आले, ठिपके आले. दादाने स्टॅम्पचा पहिला फटका मारला आणि सॉफ्टवेअरने सांगितलं की जागा नाही. स्क्रॅच डिस्क भरली. आईच्या भाषेत, गॅलरी भरली. दादाने गाण्यांच्या उरल्यासुरल्या फाइली काढल्या, जुन्या पत्रिका काढल्या, कोटसुद्धा काढून टाकला. तरी नाही. राहिले साहेब आणि त्यांचे शुभेच्छुक. एरवी तो अशा वेळी यंत्राचं पोट उघडून डिस्कच बाहेर काढायचा, टॉवेलात गुंडाळायचा आणि दादरच्या छपाईवाल्याकडे जाऊन तिथे फाइल उतरवून यायचा; पण त्या दिवशी छपाईवाल्याची साप्ताहिक सुट्टी होती आणि काकांचं तेरावं उद्या होतं. एकच मार्ग होता. बॅनरचे सगळे लेयर एकात दाबायचे. फाइल एकदम लहान होईल. मात्र जो जिथे आहे तो तिथेच चिकटेल. वर घेता येणार नाही, लहान करता येणार नाही, काढता तर मुळीच येणार नाही. आणि दीपक रोज येत होता. साहेबांच्या कामावर आमचं घर चालत होतं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

दादा हात मांडीवर ठेवून बसला. मग त्याने विचारलं, कोणाकडे न बघता, "दाबू?"

गॅलरीतून बाबांचा आवाज आला. "दाब."

साहेब आणि त्यांचे सगळे शुभेच्छुक एका सपाट चित्रात बसले. यंत्राला मोकळं वाटल्यासारखा पंखा जोरात फिरला.

मग काकी पहिल्यांदा आत आली आणि स्टुलावर बसली. दादाला कापूस कोणता आणि डाग कोणता हे कळत नव्हतं. दोन्ही पांढरे, दोन्ही बारीक. तो बाण एका ठिपक्यावर नेई आणि विचारी. काकी पुढे वाकून बघे. "ह्यो कापूस. ठेव." "ह्यो नाय, ही घाण. काढ." दादा फटका मारी, आणि डब्यात करकर सुरू होई, आणि पडदा थिजे. त्या वेळात दुसरं काही करता येत नव्हतं. म्हणून काकी बोलत होती. आधी एखादा शब्द, मग वाक्य. आई ओट्यावर उद्याचे वडे थापायचं पीठ मळत होती, ती हात थांबवून ऐकायची. करकर थांबली की पुन्हा मळायची.

"ह्या कानाकडलो तर कदीच निघा नाय," काकी म्हणाली. "तेलात बसलेलो. रविवारी शिकेकाई लावून काढूचो लागा."

करकर.

"मी नवीन इलंय मुंबयत, तेव्हा हे माका स्टेशनार घेवक इले ते बरे इले, न्हावन-धुवन. दुसऱ्या दिवशी पाळीवरसून इले. दारात बघतंय तर केस पांढरे, भुवयो पांढऱ्यो. माका वाटला, बापाशीन फसवल्यान. म्हाताऱ्याक दिल्यान." ती हसली. त्या बारा दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि आईही हसली, आणि गॅलरीत बाबा खाकरले. "रडाक लागलंय तर हे म्हणतत, अगो, टॉवेल घी नि झाड. झाडलंय. आतसून तरणो निघालो."

करकर.

"मगे रोज झाडूचंय. रोज वाटा, आज काय निघता बघूया."

दादाने बाण पुढच्या ठिपक्यावर नेला. मी पाहिलं, त्याचे डोळे भरले होते आणि तो फटका मारायची घाई करत नव्हता. आता मला वाटतं, यंत्र आणखी थोडं जुनं असतं तरी त्याला चाललं असतं.

दीपक संध्याकाळी आला. दारातूनच म्हणाला, "सुहास, तो खालून दुसरा आहे ना, चष्मेवाला, तो काढ. गेला तो. काल रात्री तिकडच्या पार्टीत गेला."

"नाही निघणार आता," दादा म्हणाला.

"नाही निघणार म्हणजे?"

"सगळे एकात चिकटवले. जागा नव्हती."

दीपकने पडद्यावर गिरणीच्या गेटासमोरचे वामनकाका पाहिले, स्टुलावरची काकी पाहिली. त्याने आवाज थोडा खाली आणला, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं. "अरे पण मी साहेबांना काय सांगू? उद्या लावायचाय बॅनर."

"सांग, आमच्याकडे मयत होतं."

"मयताचं आणि बॅनरचं काय?" तो जायला वळला. "बघ, मग ह्यापुढे काही सांगू नकोस. काम दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचाच होता, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काम खरोखरच गेलं. नाक्यावर बॅनर लागला तो चष्मेवाल्याच्या तोंडावर कागद चिकटवून. वाऱ्याने तो दुपारीच उडाला आणि पुढे आठवडाभर चष्मेवाला साहेबांना मनापासून शुभेच्छा देत उभा राहिला. दादाने त्यानंतर पुष्कळ दिवस हातात काम नसताना काढले आणि मग एका छापखान्यात नोकरी धरली. शिलाई मशीन आत आलं. या सगळ्याला त्याने कधी त्याग वगैरे म्हटलं नाही. असे शब्द तो बॅनरवर लिहून लिहून कंटाळला होता.

आमची चाळ आता नाही. तिच्या जागी जी उंच इमारत आहे तिचं नाव इटलीतल्या एका गावाचं आहे, आणि तिच्या सातव्या मजल्यावर आम्ही राहतो. गॅलरी नाही. काकी गेली तेव्हा तो फोटो आमच्याकडे आला. तिला मूलबाळ नव्हतं. परवा दादाच्या मुलाने फोनवर त्याचा फोटो काढला, आणि फोनने आपणहून विचारलं की साफ करू का. त्याने हो म्हटलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत काकांचे केस काळे झाले. मी म्हटलं, नको, आधीचा कर. तोही तितक्याच झटक्यात आला. आजच्या यंत्रांत जागा भरपूर. ती काही बाहेर टाकत नाहीत, सगळ्या पायऱ्या ठेवतात. मुलगा म्हणाला, "आत्या, बघ, गेलं पण आणि आलं पण." मी त्याला कापसाबद्दल सांगायला तोंड उघडलं, तोवर तो दुसऱ्या फोटोवर गेला होता. त्याचा काही दोष नाही. मध्ये वेळच नव्हता.

तेराव्याच्या सकाळी दादाने डिस्क टॉवेलात गुंडाळून दादरला नेली आणि दुपारी फोटो काचेत बसवून आणला. गिरणीचा शर्ट, वरचं बटण उघडं, एका खांद्यावर हिराजींच्या हाताची बोटं तशीच राहिलेली, कारण ती काढली तर खांदा जात होता आणि काकी म्हणाली, राहू दे, त्यांचोच दोस्त. केसांत कापूस. गावाकडची माणसं आली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने कुजबुजून विचारलं की एवढा खर्च केला तर कोट का नाही घातला. आईने केळीच्या पानावर वाढलं: वडे, काळ्या वाटाण्यांची आमटी, भात, खीर, काकांना आवडायचं म्हणून लोणच्याची फोड. बाबांनी हार घातला. हार तिरका बसला, तो कोणी सरळ केला नाही.

काकी पुढे आली. सगळ्यांना वाटलं नमस्कार करेल. तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि काचेवर, केसांवर, हलकेच दोनदा झाडलं. फट्, फट्. मग पानाकडे हात करून म्हणाली, "चला, जेवूक."